दसऱ्याला झोपवलेली पेटी

मी आयुष्यभर हॉस्पिटलात नोकरी केली असं कळलं, की लोक लगेच आपलं दुखणं पुढे करतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई जिलेबी खाताखाता शुगरचा आकडा सांगतात. मग मी म्हणते, ‘अहो, मी नेटवर्कवाली. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात की नाही, ते बघायचे.’ बाईंचा चेहरा पडतो. क्षणभर विचार करून त्या विचारतात, ‘मग आमच्या घरचं वायफाय का हो सारखं जातं?’ एकूण काय, फुकटचा सल्ला दिल्याशिवाय पंगतीतून उठता येत नाही.

बोरिवलीतल्या त्या हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे घडलं ते वाचून तिथले साहेब मला फोन करतील. मी राहते मरोळला. नोकरीला लागले तेव्हा सगळं हॉस्पिटल एकाच इमारतीत होतं आणि कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नंतर शेजारी नवीन विंग उभी राहिली, मजल्यामजल्यावर प्रिंटर आले, आणि माझी खरी करमणूक सुरू झाली.

धंद्यातली गोष्ट सोपी करून सांगते. कॉम्प्युटरला काही छापायचं असलं, तर आधी प्रिंटर कुठे आहे ते त्याला कळायला हवं. पूर्वी आमचे कॉम्प्युटर त्यासाठी चक्क ओरडायचे. आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये पाहुणा खाली उभा राहून ‘ओ गायकवाड!’ अशी हाक मारतो, सगळ्यांच्या खिडक्या उघडतात, आणि ज्याचं काम नाही तोही ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारतो, तसाच प्रकार. दोन-चार खोल्या असतील तर चालतं. शंभर कॉम्प्युटर एकदम हाका मारायला लागले की नेटवर्कचा बाजार होतो. शिवाय ही हाक आपल्या आळीपुरतीच ऐकू जाते, पलीकडच्या विंगमध्ये पोचतच नाही.

यावर उपाय म्हणजे गेटवर एक जाणता वॉचमन बसवणं. आमच्या भाषेत त्याला डिरेक्टरी एजंट म्हणतात. दिसायला ही एक काळी पेटी, पोळ्यांच्या डब्याएवढी. प्रत्येक प्रिंटर सुरू झाला की आधी तिच्याकडे नाव नोंदवतो, ‘मी तिसऱ्या मजल्यावरचा, रंगीत छापत नाही.’ कॉम्प्युटर मग ओरडाआरडा न करता तिलाच विचारतो. नोंद कायमची नसते. ठरावीक वेळाने प्रिंटरला ‘मी अजून आहे बरं का’ असं सांगावं लागतं, नाहीतर पेटी त्याचं नाव काढून टाकते. मेलेल्या माणसाच्या नावाने टपाल येत राहू नये, इतकाच त्यातला हेतू. हल्ली नवी यंत्रं हे सगळं आपलं आपण करतात म्हणे. आमचं सॉफ्टवेअर मात्र जुन्या वळणाचं होतं, आणि मीही.

पेटी बसवल्यावर तिला विभाग शिकवावे लागतात. बाळंतिणींच्या वॉर्डने आपलेच प्रिंटर बघावेत, छातीच्या विभागाने आपले. हे शिकवण्याआधीची एक गंमत अजून आठवते. छातीच्या विभागातल्या एका आजोबांच्या फाइलमध्ये बाळंतिणीच्या आहाराचा कागद गेला. आजोबा शिस्तीचे. पुढच्या तपासणीला आले ते चांगलेच गुटगुटीत होऊन. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, ‘तुम्हीच लिहून दिलंत ना? डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, भरपूर दूध. एक कळलं नाही डॉक्टर, ते बाळाला दर दोन तासांनी घ्यायचं म्हणजे काय? नातू आता कॉलेजात जातो.’ त्या संध्याकाळी मी घरी न जाता सगळे विभाग वेगळे करून टाकले.

ही पेटी मी तळमजल्यावरच्या एका कपाटवजा खोलीत ठेवली होती, आणि तिथेच परब मामा या इसमाचा माझ्या धंद्यात प्रवेश होतो. परब मामा म्हणजे आमचे स्टोअरकीपर. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, हे साकीनाक्याला वाढलेले. माझ्यापेक्षा वयाने चांगले लहान, पण केस लवकर पिकले, म्हणून सगळ्या हॉस्पिटलचे मामा झाले. मी त्यांना मामा म्हणते तेव्हा मलाच माझं हसू येतं.

मामांचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे दसरा. हॉस्पिटलातल्या यंत्रांची पूजा त्यांच्याकडे. एक्स-रे मशीनला कुंकवाचं बोट, लिफ्टला तोरण, ऑपरेशन थिएटरच्या दाराला हळदीकुंकू. कुठलंही हत्यार पूजेच्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा त्यांच्या गावचा नियम. हॉस्पिटलात तो कसा पाळणार? म्हणून मामांनी त्याला स्वतःची पोटकलमं जोडली होती. ज्या यंत्राला पेशंट जोडलेला आहे, त्याला नुसतं कुंकू. ज्याला पेशंट जोडलेला नाही, त्याला कुंकू, हार आणि दिवसभर विश्रांती. झेरॉक्स मशीन, पाण्याचा कूलर, कागद कापायचं यंत्र, सगळी मंडळी त्या दिवशी सुट्टीवर असायची. तक्रार करायची कोणाची छाती नव्हती, कारण मामा प्रसादाला गोड शिरा स्वतः करून आणायचे.

माझा दसरा वेगळा. त्या दिवशी आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून मी मरोळच्या विहारात वंदनेला जाते, मग खीर, मग नातेवाइकांकडे. त्यामुळे दसऱ्याला मी कधीच कामावर नसायचे. मामा मला चिडवायचे, ‘मॅडम, तुमच्या यंत्रांका देव नाय वाटतं.’ मी म्हणायचे, ‘मामा, माझ्या यंत्रांना वीज पुरते.’ असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एकदा मामांनी त्या कपाटात डोकावून विचारलं, ‘हो कोण?’ मी त्यांना पेटीचं सगळं काम समजावून सांगितलं. सांगता सांगता मला जरा स्फुरण चढलं. म्हटलं, ‘मामा, या इमारतीतल्या माझ्या सगळ्या यंत्रांत मोठा मान हिचा. हिला वर्षभर एक क्षण झोप नाही.’ मामांनी पेटीकडे फार आदराने पाहिलं. ते पाहणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता त्या दसऱ्याकडे येते.

तिसऱ्या मजल्यावर गोराईचे पास्कल काका होते. साठीचे गृहस्थ, जन्म बोटीवर गेलेला. हृदयाचं दुखणं निघालं, नळीत जाळी बसवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं, शेरलचं, चर्चमध्ये लग्न. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. बापाने त्या पाण्याबरोबर चालायचं, ही पास्कल काकांची एकच इच्छा होती. डॉक्टर आधी नाहीच म्हणत होते. शेवटी दसऱ्याच्या सकाळी तपासून त्यांनी सोडायला परवानगी दिली. अट अशी, की चालायचं नाही, खुर्चीत बसायचं, आणि औषधांत एका गोळीचाही घोळ होता कामा नये. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या, चुकल्या तर जीवावर बेतलं असतं. घरी जायचं ते खाडीतून बोटीने, कारण भाईंदरमार्गे रस्त्याने धक्के फार. आणि निघायचं ते उजेड आहे तोवर.

आमच्याकडे घरी जाणाऱ्या पेशंटच्या गोळ्यांचा तक्ता छापूनच द्यायचा नियम होता. डॉक्टरांचं अक्षर न लागल्याने पूर्वी एकदा भलताच प्रकार होता होता वाचला होता, म्हणून मेट्रन शेवाळेंनी हा नियम करून घेतला. तक्त्यावर सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र, आणि खाली काळ्या रेघा. त्या रेघा खालच्या औषधाच्या दुकानात यंत्राला दाखवल्या की गोळ्या मिळत. कागद नाही तर गोळ्या नाहीत. गोळ्या नाहीत तर घर नाही.

त्या वर्षी वंदना दुपारी होती. मी विहाराच्या दारात चपला काढत होते आणि फोन वाजला. मेट्रन शेवाळे. आम्ही दोघी एकाच सुमारास नोकरीला लागलेल्या, त्यामुळे आमच्यात ‘कशी आहेस’ वगैरे नसतं.

‘गायकवाड, कुठेयस?’

‘विहारात. काय झालं?’

‘तुझे प्रिंटर पळून गेलेत. सकाळी एकदोन ठिकाणी दिसत होते, आता एकही नाही. पास्कलची बायको माझ्यासमोर बसून जपमाळ ओढतेय. तू काहीतरी ओढ.’

सकाळी थोडे दिसत होते आणि मग हळूहळू सगळे गेले, हे ऐकताच मला कपाट आठवलं. पेटी बंद पडली तरी कॉम्प्युटरांना काही वेळ जुनं उत्तर लक्षात असतं. वॉचमन घरी गेला तरी त्याने मघाशी सांगितलेला पत्ता तासभर चालतो, तसं. मी म्हटलं, ‘कोणाला तरी खाली पाठव. कपाटात काळी पेटी आहे, तिची काय अवस्था आहे ते बघायला सांग.’

थोड्या वेळाने वॉर्डबॉयचा निरोप आला. मेट्रनने तो जसाच्या तसा वाचून दाखवल्यासारखा सांगितला. ‘पेटी जागेवर आहे. स्वच्छ पुसलीय. हळदीकुंकू आहे, झेंडूचा हार आहे, शिऱ्याची वाटी आहे.’

‘आणि वायरी?’

‘सगळ्या काढून, नीट गुंडाळून, रबर लावून बाजूला ठेवल्यात.’

मी कपाळावर हात मारला. पेटीला पेशंट जोडलेला नव्हता ना! मामांच्या कलमाप्रमाणे ती विश्रांतीला पात्र होती, आणि मानकरी म्हणून सगळ्यात आधी. मी वॉर्डबॉयला वायरी लावायला सांगितल्या. विजेची लागली. पण नेटवर्कची वायर भिंतीवरच्या कोणत्या भोकात होती ते कोणालाच सांगता येईना. तिथे एकसारखी दिसणारी भोकं रांगेने आहेत, आणि चुकीच्या भोकात वायर गेली तर पेटी कॅमेऱ्यांच्या आळीत जाऊन बसते आणि तिथे तिला कोणी ओळखत नाही. परब मामांचा फोन बंद. पूजा आटपून ते सोनं वाटायला गेले होते. कोणी हुशार वाचक म्हणेल, प्रिंटर कॉम्प्युटरला वायरने थेट जोडायचा होता. ती वायर स्टोअरमध्ये होती, आणि स्टोअरची किल्ली मामांच्या कंबरेला.

मी आत गेले, बुद्धमूर्तीला हात जोडले, बहिणीला म्हटलं, ‘माझी खीर ठेव,’ आणि रिक्षा पकडली. गुंदवलीहून मेट्रोत बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, तो माणूस आणि त्याच्या मुलीचं पाणी. वंदना चुकल्याची चुटपुट मला आजही आहे, पण त्या वेळी तिला जागाच नव्हती.

पांढऱ्या साडीत मी घाईघाईने आत शिरले तशी रिसेप्शनची मुलगी उठून उभी राहिली. ‘मॅडम, कोण गेलं?’ मी म्हटलं, ‘अजून कोणी नाही. गेलं तर सांगते.’

कपाट उघडलं. मला राग यायला हवा होता, पण पेटीचं ते सजलेलं ध्यान बघून आधी हसूच फुटलं. तिला एवढी देखणी मी कधीच पाहिली नव्हती. नेटवर्कच्या खाचेत कुंकू गेलं होतं, ते साडीच्या पदराने टिपलं. पांढऱ्या पदरावरचा तो डाग काही निघाला नाही. वायर बरोबर भोकात घातली. हिरवा दिवा लागला. वर फोन केला.

‘दिसला का प्रिंटर?’

‘नाही,’ मेट्रन म्हणाल्या. ‘आता तर म्हणतोय, एकही प्रिंटर अस्तित्वात नाही.’

हीच यातली मेख. पेटी जागी होते तेव्हा तिची पाटी कोरी असते. ती स्वतःच्या आळीत दवंडी पिटते, ‘मी आले, नावं सांगा.’ ज्यांना दवंडी ऐकू येते ते लगेच नाव सांगतात. आमचे प्रिंटर दुसऱ्या आळीत. ते आपल्या ठरलेल्या वेळेला नाव सांगायला येणार, तोवर गप्प. आणि ती वेळ यायला संध्याकाळ झाली असती.

मी तिसऱ्या मजल्याकडे जिन्यानेच धावले. लिफ्टला तोरण होतं, मामांचा काय भरवसा. वर पास्कल काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. बायको मर्सी शेजारी. मला पाहून मर्सीने जपमाळ थांबवली आणि काकांच्या कानाशी म्हणाली, ‘बघ, आपली शेरल उद्या अशीच दिसणार. पांढरीशुभ्र.’ एकाच साडीने खाली मी सुतकात होते आणि वर नवरी झाले. काका हसले. मग खिडकीकडे बघत मला म्हणाले, ‘मॅडम, ऊन उतरायला लागलंय. नाही जमणार का? तसं असेल तर सांगा. घरी फोन करतो, माझ्या भावाला उभा करा म्हणून.’

ते फार शांतपणे बोलले, त्यामुळे मला जास्त लागलं. मी म्हटलं, ‘काका, भावाला उभं करायचं नाही. दोन मिनिटं द्या.’

प्रिंटर पूर्ण बंद केला आणि पुन्हा चालू केला. यंत्र झोपेतून उठलं की सगळ्यात आधी गेटवर जाऊन नाव सांगतं. लोक आयुष्यभर मला चेष्टेने म्हणत आले, ‘तुमचं सगळं शिक्षण म्हणजे बंद करा आणि चालू करा.’ खरं आहे. फक्त कोणतं, कधी आणि कशाच्या नंतर, एवढंच शिकायला माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

मेट्रनने बटण दाबलं. प्रिंटरने घसा साफ केला, आणि सूर्य-चंद्राचा तो कागद बाहेर आला. मर्सीने तो हातात घेतला आणि वाचण्याआधी कपाळाला लावला.

इतक्यात दारात परब मामा. हातात आपट्याची पानं, चेहरा प्रसन्न. ‘मॅडम, तुमी आज हंय?’ मग मेट्रनने त्यांना सगळं सांगितलं, आपल्या पद्धतीने. मामांचा चेहरा बघवेना.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘तुमीच सांगितलास मा, सगळ्यांत मोठो मान हेचो म्हणान? वरीसभर डोळ्याक डोळो लावणा नाय बिचारो. म्हटलंय, एक दिस निजांदे. माका काय ठावक, हो निजलो की सगळ्यांका इसारतलो?’

माझ्या यंत्राची इतकी काळजी माझ्या साहेबांनीही कधी केली नव्हती. मी म्हटलं, ‘मामा, आता कागद घ्या आणि औषधाच्या दुकानात पळा. गोळ्या हातात आल्या की काकांची खुर्ची तुम्हीच ढकलायची, बोटीपर्यंत.’

मामांनी बोटीपर्यंत म्हटलेलं मनावर घेतलं नाही. ते बोटीत बसले, पलीकडे उतरले, आणि विहिरीवर जाऊन पुन्हा घरापर्यंत काकांची खुर्ची ढकलत पाण्याबरोबर चालले. वाजंत्री पुढे, मागे घागर घेतलेल्या बायका, त्यांच्या शेजारी पास्कल काका, आणि खुर्चीमागे कपाळाला हळदकुंकू लावलेले आमचे परब मामा. तो फोटो मर्सीने मला पाठवला. माझ्या फोनमध्ये अजून आहे.

दोन दिवसांनी साहेबांनी मामांना मेमो द्यायचं काढलं. मी साहेबांना आठवण करून दिली, की मी दुसरी पेटी वर्षानुवर्षं मागत होते, आणि ते म्हणायचे, ‘एक कधी बंद पडत नाही म्हणता, मग दुसरी कशाला?’ शहाणा नेटवर्कवाला दोन पेट्या ठेवतो, एक बसली तर दुसरी उत्तर देते. मेमोचा विषय तिथेच थांबला आणि दुसरी पेटी आली. प्रिंटरांना मी दोघींकडे नाव सांगायला शिकवलं.

पुढच्या दसऱ्याआधी मामा माझ्याकडे आले. संकोचत म्हणाले, ‘एकाक निजवलंय, एक जागो ठेवलंय, तर चलात?’ एक पेटी मुद्दाम बंद करून दुसरी खरंच काम करते का ते तपासणं, हे आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि कोणी करत नाही. पेटी चालू आहे ना, मग कशाला हात लावा! आमच्या हॉस्पिटलात ती तपासणी त्या वर्षापासून दर दसऱ्याला होते, हळदीकुंकवासकट.

आता मी निवृत्त झाले. नाव सांगायला रोज जावं लागत नाही, त्यामुळे तिथल्या नव्या मुलांच्या यादीतून माझी नोंद गेली असणार. मध्यंतरी डोळे तपासायला गेले तर गेटवरच्या वॉचमनने विचारलं, ‘कोणाला भेटायचंय?’ जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

गेल्या दसऱ्याला विहाराच्या पायरीवर बसले होते, आणि फोन वाजला. बघते तर परब मामांचं नाव.

‘मॅडम, मोठ्याक निजवतंय. धाकलो जागो आसा. निजवू मा?’

‘आधी तार काढा, पण हार घालू नका. तिसऱ्या मजल्यावर जा, आणि एक कागद काढून दाखवा.’

त्यांनी फोन चालूच ठेवला. जिन्यावरची त्यांची धाप ऐकू आली. मग मेट्रनच्या जागी आलेल्या नव्या बाईंचा आवाज. मी पांढऱ्या पदरावरचा तो जुना डाग चिमटीत धरून बसले होते. शेवटी प्रिंटरने घसा साफ केला.

‘इलो,’ मामा म्हणाले.

‘कोणाचा कागद?’

‘एका आजयेचो. घराक चल्ली.’

‘मग निजवा,’ मी म्हटलं, आणि खीर घ्यायला आत गेले.